गाळलेलं पाणी

केंद्रप्रमुख सुतार सर पहिल्यांदा आमच्या दारात आले तेव्हा मी पाणी गाळत होते आणि माझं मौन होतं.

पहाटे उठल्यापासून बस्तीत पूजा होईपर्यंत बोलायचं नाही, हा माझा लग्नाच्या आधीपासूनचा नेम. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. कृष्णाकाठच्या आमच्या गावांत सगळे तसंच म्हणतात. पूजा झाली, अभिषेकाचं गंधोदक डोळ्यांना लावलं, णमोकार मंत्र म्हटला, की तोंड उघडायचं. तोवर खूण नाही, हुंकार नाही, पाटीवर लिहिणंही नाही. घरात सगळ्यांना सवय झाली होती. माझी चेलना तर पाळण्यात असल्यापासून सकाळची आई मुकीच बघत आली होती.

त्या दिवशी आडाचं पाणी घागरीवर धरलेल्या दुपदरी फडक्यातून गाळत होतो. फडक्याची दोन टोकं माझ्या हातात, दोन चेलनाच्या. ती तेव्हा नऊ वर्षांची.

"धरणेंद्र मगदूम हितंच ऱ्हातात न्हवं?"

आमचे हे पुढच्या पडवीत जळालेल्या मोटारीचं वायंडिंग काढत बसले होते. नदीवरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. हात तसेच ठेवून म्हणाले, "मीच. कुठली मोटार हाय?"

"मोटार न्हाई. मी केंद्रप्रमुख. शाळांचं बघतो. शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे चाललाय." कागद उलटल्याचा आवाज आला. "चेलना धरणेंद्र मगदूम. कन्याशाळेत दुसरीपर्यंत नाव हाय. पुढं कुठल्याच शाळेत न्हाई. पोरगी गेली कुठं?"

"मामाकडं. इचलकरंजीला. तिकडंच शिकतीया."

चेलनानं माझ्याकडं पाहिलं. फडकं तिच्या बाजूनं सैल पडलं. मी डोळ्यांनीही काही सांगितलं नाही. मौनात तेही करायचं नसतं.

"शाळेचं नाव सांगा."

ह्यांनी आठवेल ते एक नाव सांगितलं. सर लिहून घेत होते. मग मान वर करून त्यांनी मधल्या दारातून आत पाहिलं. मी त्यांना दिसत होते, चेलना भिंतीआड होती.

"वैनी, मुलगी इचलकरंजीलाच हाय न्हवं?"

मी मान खाली घातली. खाली घातलेली मान आणि होकाराची मान यांत लांबून फरक दिसत नाही. हे मला त्या क्षणी माहीत होतं.

"तिचं मौन असतंय सकाळचं," हे म्हणाले.

"असू दे, असू दे. चालू द्या." सर निघून गेले.

बस्तीतून परतताना, मी णमोकार म्हणून तोंड उघडल्यावर, चेलनानं पहिला प्रश्न विचारला, "आई, मौनात खोटं बोललं तर चालतं?"

"मी कुठं बोलले काही?"

"नाही ना. म्हणूनच विचारलं."

मी चालायचा वेग वाढवला.

तिला शाळेतून काढून दोन वर्षं होत आली होती. दुसरीत असताना, मार्चच्या उन्हात, सुटीच्या रांगेत ती चक्कर येऊन पडली. मुख्याध्यापिका मुल्ला बाईंनी तिला रिक्षात घालून घरी आणलं. ओठ कोरडे पडले होते. दप्तरातली बाटली रिकामी. गाळून उकळलेल्या पाण्याशिवाय घोट घ्यायचा नाही, हा आमच्या घरचा नेम, आणि तिनं तो पाळला होता. "नळाचं पाणी तोंडाला लावलं तरी ओठ उघडले नाहीत हो पोरीनं," मुल्ला बाई म्हणत होत्या. "मी घाबरून गेले."

मी चेलनाला विचारलं, "बाटली कुणी ओतली?"

ती गप्प राहिली.

"कुणी ओतली सांग. मी काही करणार नाही."

ती गप्प. मग मी माझं मीच समजले. आमच्या खाण्यापिण्याला हसणारी पोरं मी शाळेत शिकत होते तेव्हाही पाहिली होती. तिसऱ्या दिवशी जाऊन तिचा दाखला मागितला. मुल्ला बाईंनी हात जोडले, कारण विचारलं. मी म्हटलं, "माझ्या मुलीला तहान लागली तर मी जवळ असायला हवी." त्यांनी दाखला लिहून दिला.

घरी मी तिला शिकवत होते, चांगलं शिकवत होते, हे मला आजही म्हणायचं आहे. मी बारावी झालेली. पुस्तकं सगळी आणली होती. दुपारी दोन ते पाच आमची शाळा. पूजेच्या तांदळाच्या ढिगांवर ती पाढे शिकली, ह्यांच्या तांब्याच्या तारेवर मीटर-सेंटिमीटर. नवव्या वर्षी पाचवीचं गणित करायची. फक्त पाच वाजता कन्याशाळा सुटली की ती पाणी प्यायला उठायची, आणि घागरीपाशी न जाता खिडकीपाशी जायची. मुली गल्लीतून जाऊन संपल्या की परत येऊन बसायची. पाणी प्यायचं राहून जायचं. ते मी रोज बघत होते, आणि रोज मला वाटायचं, हिला पाण्याची आठवण करून द्यायला हवी.

अकरा दिवसांनी सुतार सर परत आले. या वेळी दुपारी, आमच्या शाळेच्या वेळेला. चेलना समोरच चटईवर बसली होती, मांडीवर वही.

"ही मामाकडनं कवा आली?" सरांनी विचारलं.

हे पडवीतून उठून आले.

"मगदूम, मी इचलकरंजीला जाऊन आलो. स्वतःच्या गाडीनं. त्या शाळेत चेलना न्हाई, मगदूमही न्हाई." ते खाली बसले, घाम पुसला. पाणी दिलं ते प्याले. "आता सांगा."

"सांगायचं काय त्यात?" ह्यांचा आवाज चढला. "पोरगी आमची हाय. उपाशी ठेवत न्हाई, कामाला जुंपत न्हाई. तिची आई शिकवतीया तिला. सरकारनं जन्म दिलाय काय हिला?"

"कामाला जुंपत न्हाई ते दिसतंय मला. पर मगदूम, ओढ्यापलीकडं वीटभट्टी हाय. तिथला माणूस पण मला हेच सांगतो. पोरगी आमची हाय. त्याला मी काय म्हणू? मगदूमांना चालतं, तुला न्हाई चालत?"



मी म्हटलं, "सर, त्याची गोष्ट वेगळी. माझी मुलगी शिकतेय. तुमच्या वर्गात शिकली असती त्यापेक्षा जास्त. वही बघा."

सरांनी वही बघितली. पानं हळूहळू उलटली. अपूर्णांकांच्या पानावर थांबले, ओठ हलवत एक गणित मनात केलं. मग त्यांची नजर भिंतीवरच्या जंबूद्वीपाच्या, म्हणजे आमच्या शास्त्रातल्या जगाच्या, चित्राकडं गेली. माझ्या वडिलांकडून आलेलं ते चित्र, मधे मेरू, भोवती समुद्राची वलयं.

"ह्यात दोन सूर्य हायत, वैनी."

"आमच्या शास्त्रात दोन आहेत."

"पोरीला हेच शिकवता?"

"दोन्ही शिकवते. पुस्तकातलं पुस्तकातलं, बस्तीतलं बस्तीतलं."

"आणि खरं कुठलं ते विचारत न्हाई ती?"

विचारलं होतं. मी तिला वाती वळायला बसवलं होतं. 

सरांनी वही मिटून चेलनाच्या हातात दिली. "बाळ, शाळेत यावं वाटतं काय तुला?"

चेलनानं माझ्याकडं पाहिलं. मग वहीकडं. "आईला विचारा," ती म्हणाली.

सर बराच वेळ टोपी मांडीवर फिरवत बसले. मग म्हणाले, "वैनी, पोर तुमची हाय. पर नुसती तुमची न्हाई. कायदा तसं म्हणतो, आणि मलाही तसंच वाटतं. कायद्यात घरच्या शाळेला जागा न्हाई. पर मला डोळे हायत. असं करू. शनिवारी सकाळी शाळेत आणा हिला. मुल्ला बाईंसमोर चौथीचा पेपर घेतो. लिहिला, तर मी माझ्या अहवालात लिहितो, मुलगी शिकतीया, जबरदस्ती नको. वरचे काय म्हणायचं ते मला म्हणतील. न्हाई लिहिला, तर सोमवारी पटावर नाव. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. चौथीचा पेपर तिला खेळ होता.

दारात वळून ते म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, वैनी."

"माझं मौन होतं."

"व्हय," सर म्हणाले. "मौनच होतं."

चार दिवस मिळाले. मी तिच्याकडून जुने पेपर सोडवून घेतले. एकही चूक नाही. मी रात्री ह्यांना म्हणायचे, बघाल तुम्ही, सर तोंडात बोट घालतील. हे म्हणायचे, "तू म्हणतीस तर तसं." चेलना बोलायची कमी झाली होती, पण मला वाटलं, परीक्षेचं आहे.

शुक्रवारी संध्याकाळी बस्तीत ती मूर्तीसमोर हात जोडून एवढा वेळ उभी राहिली, की उपाध्ये पंडितांनी हसून विचारलं, "काय गं, काय मागतीस देवाकडं?"

मीच म्हटलं, "आमच्यात मागत नसतात, पंडितजी. ती नेम करत असेल काही."

सहज म्हटलं होतं.

शनिवारी चवदस होती. माझं एकभुक्त, म्हणजे दिवसात एकदाच जेवण, आणि नेहमीचं मौन. चेलना उठली, आंघोळ केली, फडक्याची दोन टोकं धरली, वेणी घालून घ्यायला पाठ करून बसली. मी बोलत नव्हते, तीही बोलत नव्हती, आणि मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. बस्तीत गंधोदक लावलं, णमोकार म्हटला. "चल," मी म्हटलं, "घाबरू नकोस." ती चालू लागली. शाळेपर्यंत मी बोलत होते, हे बोलत होते. ती बोलत नाही हे मुख्याध्यापकांच्या खोलीत पोहोचेपर्यंत आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. मुकेपणाची एवढी सवय होती आमच्या घराला.

खोलीची खिडकी चौथीच्या वर्गात उघडत होती. चेलना दिसताच तिथं कुजबूज झाली. एक मुलगी गजांना धरून चढली. "बाई, चेलना आली? चेलना, ए चेलना!"

"वर्षा, खाली उतर. जागेवर बस," मुल्ला बाई म्हणाल्या. आपली खुर्ची त्यांनी चेलनाला दिली, स्वतः स्टुलावर बसल्या. "उंच झालीस गं."

सुतार सरांनी हातानं लिहिलेला पेपर पुढं ठेवला, पेन्सिल ठेवली. "एक तास. घाईगडबड न्हाई."

चेलनानं पेपर पाहिला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तिचे डोळे ओळींवरून जाताना मी पाहिले. मग हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"बाळ, लिही की."

ती बसून.

"लिहायचं नसलं तर तोंडी सांग. बारा सत्ते?"

काही नाही. बारा सत्ते ती झोपेत सांगायची.

"अगं बोल की!" हे म्हणाले. "घरात चुरूचुरू बोलतीस. बारा सत्ते!"

"तुम्ही थांबा जरा," मी म्हटलं.  "चेलना, चौऱ्याऐंशी. म्हण बघू."

"वैनी, तुम्ही सांगू नका. मग पेपर कशाला?"

चेलना माझ्याकडं बघत होती. घाबरलेली नव्हती. घाबरलेलं पोर मला कळतं. नजर स्वच्छ, ओठ मिटलेले, खूण नाही, हुंकार नाही. ही बसण्याची रीत मी कुठं पाहिली आहे ते मला आठवेना. मी स्वतःला कधी आरशात तसं पाहिलंच नव्हतं.

हे पुढं झाले आणि त्यांनी हात उगारला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, तो हात मी कधी उगारलेला पाहिला नव्हता. मुल्ला बाई मधे उभ्या राहिल्या. "माझ्या शाळेत नाही, मगदूम." त्यांनी माठातलं पाणी पेल्यात घेतलं, मग काही आठवून पेला खाली ठेवला. चेलनाच्या तोंडाकडं वाकून बघत राहिल्या. मग हळूच मला म्हणाल्या, "राजाक्का, माझी धाकटी पहिल्यांदा रोजा धरला तेव्हा अशीच बसली होती. कुणाला न सांगता धरला होता. नेम आहे काय हिचा?"

मला शुक्रवारची बस्ती दिसली.

"नेम?" सुतार सर म्हणाले. "परीक्षेच्या दिवशी?"

"मौन आहे तिचं," मी म्हटलं. "माझ्यासारखं. लिहायचंही नाही त्यात."

"कवापर्यंत?"

"ते तिलाच माहीत."

ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं मग सोडीव की! लहान पोराचा नेम, विचारल्याशिवाय घेतलेला. आईनं पाणी हातावर सोडलं की सुटतो. तूच सांगत असतीस."

हे खरं होतं. आमच्या माहेरची रीतच तशी. मोठ्यांना न विचारता लहान मुलानं धरलेला नेम आई सोडवू शकते.

"मग सोडवा की वैनी," सुतार सर म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं. "मला बी कुठं पोरीला नापास करायची हौस हाय? आई हायसा तुम्ही. तुमचा हक्क हाय."

"आज बरा आठवला सर तुम्हाला आईचा हक्क," मुल्ला बाई म्हणाल्या.

सर ओशाळून हसले. मला हसू आलं नाही. माझ्या पिशवीत गाळलेल्या पाण्याची बाटली होती. चार थेंब तिच्या तळहातावर सोडायचे, तिनं णमोकार म्हणायचा, पेन्सिल उचलायची. एका तासात आम्ही घरी. पुढं सगळी वर्षं दुपारी दोन ते पाच.

मी टोपण उघडलं. तिच्यासमोर खाली बसले. "हात पुढं कर."

तिनं हात पुढं केला नाही. मागेही घेतला नाही. मान खाली घातली.

लांबून पाहिलं तर तो होकार वाटला असता. मी जवळून पाहत होते.

खिडकीत वर्षाचे हात परत गजांवर आले होते. चेलनाची मान खाली होती, पण पायाची बोटं त्या आवाजाच्या दिशेनं वळली होती. तिची चप्पल मी दाराबाहेर पाहिली होती. आम्हा दोघांच्या चपलांजवळ नव्हती, चौथीच्या मुलींच्या रांगेत, सरळ लावलेली होती.

मी टोपण लावलं.

"सर, त्या दिवशी तुम्ही दारात विचारलंत, तेव्हा ही भिंतीआड उभी होती. मी मान खाली घातली. तुम्ही समजायचं ते समजलात, आणि मी समजू दिलं. ते खोटं होतं. मौनात बोललेलं."

"जाऊ द्या वैनी, ते मी तवाच विसरलो."

"ती नाही विसरली." मी बाटली पिशवीत ठेवली. "हा पेपर तिला येतो. सगळा येतो. ती मुद्दाम गप्प बसलीय. नापास झाली तर सोमवारी पटावर नाव लागेल, एवढं तिला कळतं. आईच्या विरुद्ध बोलायचं नव्हतं म्हणून तिनं मौन धरलं. गप्प बसून मनातलं कसं करून घ्यायचं, ते मीच तिला शिकवलं."

 ह्यांच्या तोंडाकडं मी पाहिलं नाही.

"चेलना, मी तुझा नेम सोडवणार नाही. तुझा तू सोड. पण इथं यायचं असेल तर नापास होऊन यायचं नाही. पास होऊन यायचं."

 मग फार बारीक आवाज आला. "णमो अरिहंताणं..." ती पाचही ओळी म्हणत होती. मुल्ला बाई डोळे मिटून उभ्या होत्या. सुतार सरांनी टोपी काढून हातात घेतली होती.

शेवटची ओळ संपली तशी ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला इथं बसायचंय." आणि पेन्सिल उचलली.

चाळीस मिनिटांत पेपर झाला. सरांनी तिथंच तपासला. लाल पेन खाली येत गेलं, थांबलं नाही. शेवटी थांबलं. "हा प्रश्न मी मुद्दाम घातला होता," ते म्हणाले आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं. "सूर्य किती आहेत? उत्तर. पुस्तकात एक, बस्तीत दोन. मी रोज बघते, मला अजून एकच दिसला आहे."

मुल्ला बाई हसल्या. सर हसले. मी पेपर हातात घेतला. वाती वळायला बसवलेल्या पोरीनं उत्तर स्वतःच शोधून ठेवलं होतं, आणि मला सांगितलं नव्हतं.

"पूर्ण मार्क," सर म्हणाले. "वैनी, मी शब्दाचा पक्का हाय. पोरगी शिकतीया असं मी लिहून देतो. आता तुम्ही सांगा."

"लिवा, लिवा," ह्यांचा जीव भांड्यात पडला होता. "घरीच शिकंल ती."

"नाव घाला पटावर," मी म्हटलं.

"अगं, जिंकलीस की तू!"

"हो. म्हणूनच."

मुल्ला बाईंनी हजेरीचा पट उघडला. शाई वाळेपर्यंत मी त्या नावाकडं बघत होते.

ह्यांना मोटारीचं काम होतं, ते सायकलवरून पुढं गेले. आम्ही दोघी चालत निघालो. ऊन चढलं होतं. ओढ्याच्या पुलापर्यंत मी एक शब्द बोलले नाही.

"आई, रागावलीस?"

"नाही."

"मौन आहे?"

"नाही."

"मग बोल ना."

 मी पिशवीतून बाटली काढली. "तहान लागली असेल तुला. सकाळपासून काही घेतलं नाहीस."

तिनं बाटली घेतली. पण प्याली नाही. टोपण उघडून आत बघत राहिली.

"आई, तेव्हा बाटली कुणी ओतली नव्हती."

"कधी?"

"मी पडले तेव्हा. वर्षाला तहान लागली होती. नळाला पाणी आलं नव्हतं सकाळी. मी तिला दिलं. तिनं तोंड लावून प्यायलं. अर्धी उरली होती."

"मग तू का नाही प्यालीस?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच लहान आहे. "उष्टं झालं होतं ना. तू म्हणतेस, उष्टं पाणी प्यायचं नाही. म्हणून मी झाडाला घातलं. मग नळ आला, पण ते गाळलेलं नव्हतं."

पुलाच्या कठड्याला मी हात टेकला. दोन वर्षं.

"मला सांगितलं का नाहीस गं?"

"तू विचारलंस, कुणी ओतली. वर्षाचं नाव सांगितलं असतं तर तू तिला रागावली असतीस. आणि खोटं बोलायचं नव्हतं." ती थांबली. "म्हणून गप्प बसले."

मग ती पाणी प्याली. वरून, तोंड न लावता, मी शिकवलं होतं तशी. घशाची घाटी हलताना मी बघत उभी राहिले.

या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील. चेलना सातारा जिल्ह्यात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. फोनवर चिडवते, "आई, तुझ्या फडक्यातून काय काय निसटतं ते मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघते." मी म्हणते, "बघ, पण गाळल्याशिवाय पिऊ नकोस." पाणी मी अजून गाळते. चवदस, अष्टमी, संध्याकाळच्या आत जेवण, सगळे नेम आहेत. सकाळचं मौन मात्र त्या शनिवारनंतर धरलेलं नाही. बस्तीतल्या बायका कधी कारण विचारतात. इतकी वर्षं मी म्हणत आले, वयानं विसरायला होतं. ते खरं नव्हतं, म्हणून हे लिहिलं.

त्या सोमवारी पहाटे चेलनाची वेणी घालताना मी तिच्याशी बोलत होते. तिला ते नवं होतं. ती सारखी मान वळवून बघत होती आणि वेणी सुटत होती. पाणी गाळलं, उकळलं, निववलं. दप्तर उचलताना ती थबकली.

"आई, दोन बाटल्या का?"

"एक तुझी," मी म्हटलं. "दुसरी, कुणाला तोंड लावून प्यायचं असेल त्याची."